'थेट' सामना पाहणाऱ्यांसाठी काही पथ्ये

रात्री जागून फुटबॉलचा मोठा सामना बघायचा विचार आहे? वा! खालची पथ्ये पाळलीत, तर थोडाफार दिसेलही.

सामना साडेबाराला असेल, तर पावणेबारापासून ओटीपीची वाट बघत बसा.

कुठलं ॲप, हे दर स्पर्धेला नव्याने शोधा. २०१८चा विश्वचषक सोनीवर होता, २०२२चा जिओसिनेमावर. आता ते ॲपच त्या नावाने उरलेलं नाही.

खिडक्या घट्ट लावा. शेजाऱ्यांकडे डिश आणि तुमच्याकडे ॲप, म्हणजे ते तुमच्या अर्धा मिनिट पुढे जगतात. परवा जादा वेळेत पेनल्टी मिळाली. पठ्ठ्याने चेंडू ठिपक्यावर ठेवला, रेफ्रीने शिट्टी तोंडात धरली, आणि वरच्या मजल्यावरून आरोळी आली, "घालवली रे माकडाने!" झालं. आता हुकलेली पेनल्टी हुकताना बघायची, तर तेही नशिबात नाही. पडद्यावर चकती फिरायला लागली, आणि थांबली तेव्हा एक नट बनियन विकत होता! १९८६ला दूरदर्शनवर मेक्सिकोहून सामने यायचे. चाळीत टीव्ही एक, अँटेना हलली की मुंग्याच मुंग्या. पण मॅराडोना इंग्लंडच्या निम्म्या संघाला चकवत सुटला, तेव्हा खुर्चीतले आजोबा आणि दारात लटकलेली पोरं एकाच क्षणी ओरडली. कोणी कोणाच्या पुढे नव्हतं.

ऐन कॉर्नरच्या वेळी चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं तर दचकू नका. उरलेली जागा विकली गेली आहे.

मध्यंतरात तज्ज्ञ बोलतील. तेवढ्यात चहा टाका.

पाणी मात्र खेळाडूंबरोबर प्या. २०२६च्या विश्वचषकासाठी फिफाने प्रत्येक अर्धात तीन मिनिटांची पाण्याची सुट्टी ठरवली, ऊन असो वा गारठा, मैदानावर छप्पर असलं तरीही. तहान नक्की कोणाला लागते, ते जाहिरातदारांना विचारा.

तक्रार करायचीच असेल तर नम्रपणे करा. उत्तर येईल, "आपला राउटर बंद करून पुन्हा चालू करा." अहो, कसला राउटर? वर्षभराचे पैसे आगाऊ घेता, मुदत संपायच्या आधीच खात्यातून परस्पर कापता, तेव्हा कुठे फिरते तुमची चकती? तेव्हा बरं सगळं सेकंदात होतं! अर्धा मिनिट शिळं चित्र दाखवता आणि वर लाल अक्षरांत 'थेट' लिहिता, लाज वाटत नाही? माझा राउटर ठणठणीत आहे. तुमचा सर्व्हर बघा, आणि चेंडू खेळात असेपर्यंत तरी तुमचं दुकान बंद ठेवा.