‘यशस्वीला कोणी दिलं होतं फुकट?’

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि परवा आमच्या क्लबच्या ग्रुपवरही येऊन पडला. वर यशस्वी जयस्वालचा फोटो. खालचा मजकूर थोडक्यात असा: हा मुलगा आझाद मैदानावर तंबूत झोपला, पाणीपुरी विकली आणि इंडियाकडून खेळला. त्याला कोणी सवलत दिली होती? अंगात गुण असेल तर पोरगं वर येतंच. क्रिकेटला लागतं काय, एक बॅट, एक बॉल. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. आणि गरीब घरच्या पोरांनी मुळात अभ्यास करावा, क्रिकेट म्हणजे लॉटरी.

मी उपनगरातल्या एका छोट्या क्लबची वही सांभाळतो. कोच नाही, खेळाडू म्हणून तर सांगण्यासारखं काहीच नाही. किटच्या खोलीची किल्ली आणि हिशेब माझ्याकडे असतो, एवढंच. तेव्हा उत्तरही हिशेबानेच देतो.

आधी यशस्वी. तो तंबू कुणाचा होता? मुस्लिम युनायटेड क्लबचा. तिथे माळ्यांसोबत तो राहायचा. भदोहीहून आलेल्या त्या कोवळ्या पोराला मुंबईत रात्री पाठ टेकायला जागा मिळाली, ती एका क्लबमुळे. पुढे २०१३च्या डिसेंबरात ज्वाला सिंग या कोचने त्याला नेटमध्ये पाहिलं, स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं, जेवू घातलं, शिकवलं. गाइल्स शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धेतल्या त्या गाजलेल्या नाबाद ३१९ धावा आणि त्याच मॅचमधले १३ बळी २०१५चे, म्हणजे यानंतरचे. मेसेज लिहिणाऱ्याने तंबू ठेवला, पाणीपुरी ठेवली आणि ज्वाला सिंगांना गाळलं. सवलत दिली होती का, म्हणे! अख्खं घर दिलं होतं.

सचिन तर गरीब घरचा नव्हताच, वडील प्राध्यापक. तरी त्यानेच लिहून ठेवलंय की आचरेकर सरांच्या शिबिराची प्रवेश फी ६५ रुपये होती, पुढे महिन्याला १०, आणि पहिल्या काही महिन्यांनंतर ती भरल्याचं त्याला आठवत नाही.

आता ‘गुण असेल तर वर येतोच’. प्रणव धनावडे आठवतो? कल्याणचा, वडील रिक्षा चालवायचे. जानेवारी २०१६ मध्ये शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९. समोरची बोलिंग कच्ची होती, हे खरं. पण हजार धावा होईस्तोवर उभं राहायला काहीतरी लागतंच ना! मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिन्याला दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, कॅमेरे आले, सत्कार झाले. पुढे त्याचं नाव मुंबईच्या मोठ्या संघात दिसलं नाही. मी याचा दोष कुणाला देत नाही. वर यायच्या आधीच वाट संपलेल्यांवर मेसेज निघत नाहीत, एवढंच म्हणतो. एका यशस्वीचा फोटो लावून ‘येतोच’ म्हणायचं, म्हणजे लॉटरी लागलेल्याला पुढे करून तिकिटं विकण्यासारखं. आणि क्रिकेटला लॉटरी म्हणतोय तो हाच मेसेज!

‘एक बॅट, एक बॉल’ हे वाक्य लिहिणारा बहुतेक गल्लीत टेनिस बॉलने खेळून थांबलेला असणार. तिथे ते खरंच आहे. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक बॉल, आला की चित्र पालटतं. पूर्ण आकाराचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि तो नडगीवर बसला की काय होतं, ते ज्याला बसलाय त्याला विचारा. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, थाय पॅड, गार्ड, बूट, पांढरे कपडे आणि काश्मीर विलो या लाकडाची बॅट, असं साधंसुधं किट घेतलं तरी आज दहा हजारांच्या आसपास जातं. चांगली इंग्लिश विलो म्हटली तर एकट्या बॅटलाच तेवढे कमी पडतात. वर अकादमीची फी, मॅचचा प्रवास, खाणं. बरं, हा एकदाचा खर्चही नाही. पोरं वाढतात. पाच नंबरची बॅट दीड-दोन वर्षांत खेळण्यासारखी दिसायला लागते, मग सहा नंबर, मग हॅरो, म्हणजे मोठ्यांच्या बॅटच्या अलीकडचं माप.

पण याच हिशेबात क्लबची जागा आहे, आणि ती मला स्वतःलाही किल्ली हातात आल्यावर दिसली. मॅचमध्ये एका वेळी खेळतात दोघं. पुढचे दोघं पॅड बांधून बसलेले असतात. म्हणजे अकरा पोरांना चार जोड पॅड पुरतात, शिवाय कीपरचा एक. हेल्मेट चार, बरे ग्लोव्हज चार जोड. बॅटी पोरांच्या मापाच्या पाच-सहा. प्रत्येक घराने वेगळं किट घेतलं तर लाखावर जाणारा खर्च एका मोठ्या पेटीत मावतो. गार्ड आणि बूट मात्र ज्याचे त्याचे. घामाने भिजलेले ग्लोव्हज दुसऱ्याने घालायचे म्हणजे पोरं नाक मुरडतात, म्हणून आत घालायला सुती हातमोजे ज्याने त्याने आपले आणायचे. बॅटी विकत घ्यायच्याच नसतात फारशा. बऱ्या घरांच्या माळ्यावर चार आणि पाच नंबरच्या बॅटी पडून असतात. त्या आणायच्या, सुती कपड्याने जवसाचं तेल लावायचं, हँडलला नवी ग्रिप चढवायची, आणि पोरांनाच लाकडी हातोडी देऊन ठोकायला बसवायचं. रविवारी सकाळी पिच ऑफिसवाल्यांच्या टीमला भाड्याने जातं, त्यातून बॉल येतात. मॅचला नवा बॉल, नेटला मॅचचा जुना.

‘फुकटची किंमत राहत नाही’ यात थोडं तथ्य आहे. म्हणून आमच्याकडे फुकट काही नाही. कुणी पूर्ण फी देतं, कुणी पन्नास रुपये. पाकीट बंद असतं, आत किती ते फक्त वहीला माहीत. मॅट टाकणं, नेट बांधणं, शेवटी बॉल मोजून पेटीत ठेवणं ही कामं सगळ्यांची, पूर्ण फीवाल्यांचीही. खरं सांगायचं तर प्रॅक्टिस सर्वांत जास्त बुडवतात ते पूर्ण फीवालेच, कारण सुट्टीत फिरायला जाणं त्यांनाच परवडतं.

चूक आमच्याकडूनही झाली, तीही सांगतो. पहिल्या वर्षी एका दात्याने किट दिलं. आम्ही ते वेगळ्या बॅगेत ठेवलं आणि बॅगेवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं. बारा वर्षांचा एक मुलगा रोज नेटमध्ये बॅटिंगची वेळ आली की म्हणायचा, “काका, मी बोलिंगच टाकतो.” आम्हाला वाटलं, पोरगा बोलर आहे. दोन महिन्यांनी उजेड पडला की त्याला सगळ्यांसमोर ती बॅग उघडायची नव्हती. बाळू पालवणकर या दलित समाजातून आलेल्या जुन्या काळच्या बोलरची गोष्ट मी कितीदा वाचली होती. पुण्यात महिना चार रुपयांवर ते मैदानाची कामं करायचे, गोऱ्यांना नेटमध्ये बोलिंग टाकायचे. मग हिंदूंच्या संघात (तेव्हा संघ धर्मावरून असत) घेतले गेले, तर चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले, तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही, १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. हे सगळं तोंडपाठ, आणि वेगळी बॅग मीच शिवून आणली होती. आता सगळं किट एका पेटीत, प्रत्येक पॅडवर क्लबचा नंबर. दात्याचं नाव फक्त वहीत आहे. तो मुलगा सध्या तीन नंबरला जातो. बोलिंग त्याची साधारणच निघाली.

राहिला अभ्यास. प्रॅक्टिस सकाळी साडेसहा ते साडेआठ असते, शाळा दुपारची. आमचा एकही मुलगा रणजी खेळलेला नाही, कदाचित खेळणारही नाही. पण सोसायटीतली मुलं चित्रकलेच्या क्लासला जातात तेव्हा ‘हुसेन होणार का’ असं त्यांना कुणी विचारत नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराने आठवड्यातून चार सकाळी मैदानावर जावं, याला भविष्याचा पुरावा फक्त गरिबाच्याच घरून का मागायचा?

आमच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला तो एका पालकांनी. माणूस चांगला आहे, फी वेळेवर देतात, मॅचला केळी आणतात. त्यांच्या मुलाची सहा नंबरची बॅट दिवाळीपासून त्याला लहान पडतेय. मी खाली एवढंच लिहिलं: “दादा, शनिवारी येताना ती बॅट आणाल का? तेल माझ्याकडे आहे.”