पाच मिनिटं वेळ आहे का?

लग्नात एखाद्या आचाऱ्याच्या जिलब्या फक्कड झाल्या म्हणून कोणी त्याच्या हातातला झारा काढून घेत नाही. ‘उद्यापासून तू कढईला हात लावायचा नाहीस, पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसलंय आणि कोण रुसलंय तेवढं बघायचं,’ असंही त्याला सांगत नाही. आयटीत मात्र दर एप्रिलला हेच होतं आणि त्याला बढती म्हणतात. घरी पेढे येतात, सासुरवाडीचा फोन येतो, आणि दहा वर्षं इमानेइतबारे ‘जावा’ या संगणकाच्या भाषेत कोड लिहिलेला माणूस सोमवारी ऐरोली स्टेशनला उतरतो तो आठ जणांचा मॅनेजर होऊन. मी याच जमातीतला. खालचा मजकूर तक्रार म्हणून वाचलात तरी चालेल, पण पाककृती म्हणून वाचलात तर जास्त उपयोगी पडेल.

अमेरिकेतल्या २१४ कंपन्यांमधल्या विक्रेत्यांची आकडेवारी तीन अर्थशास्त्रज्ञांनी तपासली होती. जो सगळ्यात जास्त माल खपवतो त्याला साहेब करण्याकडे कल असतो, आणि नेमकी त्याच्याच हाताखालच्यांची विक्री खालावते, असं त्यांना आढळलं. हे वाचून नव्या मॅनेजरला फार बरं वाटतं. दोष आपला नाही, रीतच तशी आहे! हे बरं वाटणं पहिलं कॅलेंडर उघडेपर्यंत टिकतं.

कॅलेंडरचा हिशेब सोपा आहे. आठ जणांपैकी प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा-अर्धा तास वेगवेगळं बोलायचं, म्हणजे चार तास झाले. रोजचा पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या टीमची बैठक, सव्वा तास. दोन आठवड्यांतून एकदा दोन तासांचं प्लॅनिंग आणि तासभराचा रेट्रो (झालेल्या कामाची उजळणी), म्हणजे आठवड्याला दीड. क्लायंटचे तीन स्टेटस कॉल, पाऊण तासाचा एक, सव्वादोन. दोन इंटरव्ह्यू, दोन तास. वरच्या साहेबांच्या बैठका, तीन. बेरीज चौदा. चाळीस तासांचा आठवडा धरला तर सव्वीस तास मोकळे दिसतात. दिसतात, पण पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे होऊन. कोड लिहायला सलग दोन-तीन तास डोकं एकाच ठिकाणी लागतं. या तुकड्यांत कोड लिहिणं म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने रांगोळी काढणं. ठिपके मांडून होतात तोवर स्टेशन येतं.

शिवाय न्यूयॉर्कच्या क्लायंटचा तिथल्या सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि आपला कॉल साडेसातला सरकतो, तो थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. बढतीआधी टेक लीड, म्हणजे टीमचा तांत्रिक म्होरक्या, असताना हा फरक फक्त बॅचजॉबच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वेळापत्रकात भेटायचा. आता तो घरच्या जेवणाच्या ताटावर भेटतो.

तरी हात शिवशिवतात. नव्या मॅनेजरच्या तोंडी एक वाक्य कायम तयार असतं : ‘दे, मी करतो.’ मुलगा दोन दिवस एका बगमध्ये अडकलेला असतो आणि आपल्याला तो वीस मिनिटांत दिसतो. करून टाकला की काय होतं? मुलगा काही शिकत नाही, पुढच्या वेळी तो दोन दिवसांऐवजी दोन तासांतच आपल्याकडे येतो, आणि सहा महिन्यांनी आपण ‘माझ्याशिवाय इथलं पानही हलत नाही’ असं बायकोला अभिमानाने सांगत रात्री अकराला लॅपटॉप उघडतो. याहून वाईट प्रकार म्हणजे महत्त्वाचं मॉड्यूल स्वतःकडे ठेवणं. मॅनेजरची पुल रिक्वेस्ट (आपला कोड सगळ्यांच्या कोडमध्ये घालण्याची विनंती) अकरा दिवस अर्धवट पडून राहते, तिच्यावर तिघांचं काम अडतं, आणि ‘सर, तुमचं कधी होणार?’ हे विचारण्याची कोणाची छाती होत नाही. इतरांच्या उशिरावर आपण स्टँडअपमध्ये बोलतो, आपल्या उशिरावर सगळे छताकडे बघतात.

यावर उपाय आहे, फक्त तो अहंकाराला जरा झोंबतो. कोड लिहायचाच असेल तर ज्यावाचून कोणाचं काही अडत नाही असा लिहावा. मधूनच नापास होणारी टेस्ट दुरुस्त करावी, बिल्डला, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवायला, लागणारी चौदा मिनिटं नऊवर आणावी, लॉगमधला, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीतला, कचरा काढावा. लग्नघरात म्हाताऱ्यांना लसूण सोलायला देतात ना, तसंच. आणि अडकलेल्या मुलाच्या शेजारी बसावं, पण कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्यावा. हे फार अवघड जातं. तो माउसने मेनूत जाऊन कॉपी-पेस्ट करत असतो आणि आपण स्वतःच्या मांडीवर बोटांनी कंट्रोल-सी दाबत असतो.

उशीर झाला की वरून हमखास एक प्रेमळ प्रस्ताव येतो : ‘दोन माणसं वाढवून देतो.’ घेऊ नये. आयबीएमच्या सिस्टिम-३६० या संगणकांच्या सॉफ्टवेअरचा अनुभव गाठीशी असलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या प्रकल्पात माणसं ओतली की तो आणखी रखडतो. आठ माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या २८ होतात, दहा केलीत की ४५. शिवाय नव्या दोघांना शिकवणार कोण? ज्यांना आधीच उशीर झालाय तेच.

कामाचं हे झालं. माणसांचं पहिलं लक्षण चहाच्या टपरीवर दिसतं. कालपर्यंत ‘अरे ए’ म्हणणारा मित्र आज ‘ऐक ना’ म्हणतो आणि लगेच ‘म्हणजे, ऐका ना’ अशी दुरुस्ती करतो. आपण कटिंग घेऊन घोळक्याजवळ गेलो की चाललेला विषय मिटतो आणि पावसावर चर्चा सुरू होते. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी दिवसाला दोनशे मेसेज असायचे, ते तीन-चारवर येतात आणि त्यातही दोन ‘हॅपी बर्थडे’चे. मुलं सुधारली असं समजू नये. दुसरा ग्रुप निघालाय आणि त्यात आपण सोडून सगळे आहेत. त्याचं नाव शोधायला जाऊ नये. कारण आपणही आपल्या जुन्या साहेबांना वगळून असाच एक काढला होता आणि त्याचं नाव काय होतं ते आपल्याला आठवतंय.

म्हणून तर तो प्रत्येकाशी वेगळं बोलण्याचा अर्धा तास. त्याचं नेहमीचं रूप असं : काचेच्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये मेलेला कॉन्फरन्स फोन.
‘काय, कसं चाललंय?’
‘ठीक आहे सर.’
‘काही अडचण?’
‘नाही सर.’
मिनिट संपलेलं नसतं. एकोणतीस शिल्लक असतात.

मराठीतलं ‘ठीक आहे’ हे फार दगाबाज वाक्य आहे. पटकन आलं तर खरंच ठीक असतं. आधी श्वास घेऊन आलं तर कामाचा कंटाळा आलाय. ‘ठीकच आहे’ असं ‘च’ लावून आलं तर कोणाशी तरी वाजलंय. आणि ‘सगळं एकदम मस्त आहे सर’ असं हसत आलं, तर त्याच्या खिशात ऑफर लेटर आहे. यंत्राचं बरं असतं, बिनसलं की लॉगमध्ये ओळ आणि वेळ दोन्ही छापून देतं.

‘कसं चाललंय’ विचारण्यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात फुकट गेला?’ असं विचारावं, त्याला ‘ठीक आहे’ हे उत्तर देता येत नाही. विचारून झालं की गप्प बसावं. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, बहुतेकदा सातच्या आसपास समोरचा बोलायला लागतो. अजिबातच बोलत नसेल त्याला घेऊन खाली एक फेरी मारावी, कारण शेजारी चालताना माणूस जे सांगतो ते डोळ्याला डोळा भिडवून सांगत नाही. लॅपटॉप आणू नये, वही आणावी. कोणाच्या मुलीची दहावी आहे, कोणाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हे त्यात लिहावं. आणि हा अर्धा तास रद्द करू नये. एकदा केलात तर माणूस समजून घेतो, लागोपाठ दोनदा केलात तर वेगळंच समजतो.

त्याच वहीत दर शुक्रवारी प्रत्येकामागे एक ओळ लिहावी, तारखेसकट : काय केलं, त्यामुळे काय सावरलं किंवा बिघडलं. वर्षाला पन्नासेक ओळी होतात. ही वही नसेल तर मार्चमध्ये वर्षाच्या कामाचे गुण देताना आपल्याला फक्त फेब्रुवारी आणि मार्च आठवतो. जुलैच्या पावसात रात्रभर जागून डेटाबेस वाचवणारी मुलगी पाचपैकी तीन गुणांवर राहते आणि गेल्या पंधरवड्यात क्लायंटसमोर दोन रंगीत स्लाइड दाखवणारा पाचावर जातो. गुण जुळवण्याच्या बैठकीत बारा मॅनेजर भाजीबाजारासारखे भांडत असतात. तिथे ‘ती फार मेहनती आहे हो’ हे वाक्य चवलीलाही विकलं जात नाही. तारखेसह वाचलेल्या तीन ओळी विकल्या जातात.

गुणांचं ते घंटेच्या आकाराचं वळण, म्हणजे ‘बेल कर्व्ह’, तर कौतुकच आहे. जीई या अमेरिकन कंपनीचे प्रमुख असताना जॅक वेल्च यांनी वरचे वीस, मधले सत्तर आणि तळाचे दहा टक्के अशी वाटणी गाजवली. तिचे भाऊबंद अजून पुष्कळ ठिकाणी नांदतात. अवाढव्य कंपनीत ते गणित बसत असेल. आठ जणांतले दहा टक्के म्हणजे शून्य दशांश आठ माणूस. तो कोणाचा कापायचा? साधारणपणे बाळंतपणाच्या रजेवर असलेलीला किंवा नुकताच टीममध्ये आलेल्याला तळाला ढकलून हा अपूर्णांक पूर्ण करतात. सव्वीस आठवड्यांची रजा ही कायद्याने दिलेली आहे, वर्षातली चूक नव्हे, हे त्या बैठकीत मोठ्याने म्हणणारं कोणीतरी लागतं. आता ते काम आपलं.

मग पगारवाढ. सांगतात, ‘सरासरी नऊ टक्के.’ भोळा मॅनेजर सगळ्यांना नऊ-नऊ वाटून मोकळा होतो, आणि सगळ्यात चांगला माणूस पहिला जातो. टक्के हा भ्रम आहे, मोजायचे ते रुपये. बत्तीस लाखवाल्याला पाच टक्के दिले तर एक लाख साठ हजार जातात. तेवढ्याच पैशात आठ लाखवाल्या पोराला वीस टक्के देता येतात, आणि त्याला बाहेरची ऑफर येते तेव्हा हेच वीस टक्के आडवे पडतात. ज्याला कमी मिळालंय त्याला स्वतः बोलावून, आकडा पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकावा. आधी वीस मिनिटं स्तुती केलीत तर तो पंधरा टक्क्यांची स्वप्नं बघत बसतो आणि चार टक्के कानावर पडताच आधीची स्तुतीही शिवीसारखी ऐकू येते. आणि ‘मी तर भांडलो होतो, एचआरने दिलं नाही’ असं म्हणू नये. आपल्या साहेबांनी हे म्हटलं तेव्हा आपण तरी कुठे विश्वास ठेवला होता?

हे सगळं नीट केलं तरी एखाद्या मंगळवारी पावणेसहाला चॅटवर खिडकी उघडते : ‘सर, पाच मिनिटं वेळ आहे का?’

या वाक्याने मॅनेजरच्या पोटात जो गोळा येतो तो प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावरही येत नाही. सर्व्हर पाच मिनिटांत उठवता येतो. माणसाचं वेळापत्रक वेगळं. समजा १५ जूनला राजीनामा आला. नोटीस नव्वद दिवसांची, म्हणजे १३ सप्टेंबरला तो जाणार. बदली माणसासाठी मंजुरी यायला जुलै उजाडतो, इंटरव्ह्यूंमध्ये ऑगस्टचा मध्य येतो. जो पसंत पडतो त्याचीही नोटीस नव्वद दिवसांची, म्हणून तो नोव्हेंबरच्या मध्यावर येणार. त्या नव्वद दिवसांत तो आपली ऑफर दाखवून तिसरीकडे आणखी चांगली मिळवू शकतो, आणि रुजू होण्याच्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो. त्यासाठी त्याच्याशी दर पंधरा दिवसांनी बोलत राहावं आणि दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला तोडून टाकू नये. आलाच, तर कोड समजून हाताशी यायला फेब्रुवारी लागतो. जाणाऱ्याची केटी, म्हणजे त्याच्या कामाची माहिती इतरांना सोपवणं, मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू करावी. शेवटच्या आठवड्यात तो शरीराने खुर्चीत आणि मनाने नव्या कंपनीच्या कॅंटीनमध्ये असतो. जास्त पैसे देऊन थांबवण्याच्या फंदात मी पडत नाही. पैशाने थांबलेला माणूस उरलेल्यांना राजीनाम्याचा भाव सांगून जातो.

एवढं सगळं डोक्यात फिरवून आपण खोलीत जाऊन बसतो. तो दार लावून घेतो. (दार लावणं हे वाईट लक्षण.) खुर्चीच्या टोकावर बसतो. (आणखी वाईट.) घसा खाकरतो.

‘सर, ते गणपतीचं... आज सकाळी आठला बुकिंग उघडलं. साठ दिवस आधी उघडतं ना. चौघं बसलो होतो चार मोबाइल घेऊन. कोकणकन्या कन्फर्म झाली सर! एस फोर, खिडकी.’

‘आणि?’

‘नाही, रिलीज त्याच आठवड्यात आहे... म्हणून म्हटलं, आधी विचारावं.’

गणपतीत कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट ज्याच्या हातात आहे त्याला नाही म्हणण्याचा अधिकार कुठल्याही मॅनेजरला नाही. मी दोन्ही हातांनी रजा मंजूर करतो, वर मोदक आणायला सांगतो, आणि रिलीज चार दिवस पुढे ढकलण्याचा मेल न्यूयॉर्कला लिहायला घेतो. तिकडे ‘गणपती’ कसं समजवायचं, हा प्रश्न साडेसहापर्यंत सोडवायचा आहे.