करंट पक्ष आणि पेट्रोल पक्ष

जुन्या पेट्रोल ट्रकचे इंजिन रस्त्यात बंद पडले की भोवती जमलेल्या मंडळींचे पाहता पाहता दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, करंट जातोय. दुसरा म्हणतो, पेट्रोल चढत नाही. इंजिनाला लागणाऱ्या गोष्टी तीनच, हवा, पेट्रोल आणि ठिणगी, आणि त्यांपैकी हवा संपल्याचा संशय कोणी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे तिसऱ्या पक्षाला वाव उरत नाही. अधूनमधून एखादा अपक्ष उगवतो आणि 'डिझेल इंजिन टाका, कटकट मिटेल' एवढे सांगून निघून जातो, पण अपक्षांच्या नशिबी असते तसे त्याचे डिपॉझिट जप्त होते. ट्रकच्या मालकाला मताधिकार नसतो. ट्रक त्याचा आहे, एवढ्यावरून त्याला ट्रकमधले काही कळते असे सिद्ध होत नाही.

वाईला आमच्या वडिलांची लाकडाची वखार होती. ती यथावकाश बंद झाली आणि तिच्या मालमत्तेपैकी महिंद्राचा एक जुना फॉरवर्ड कंट्रोल ट्रक माझ्या वाट्याला आला. ज्यांनी हे वाहन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की, याला नाक नसते. चालक पुढच्या काचेला जवळजवळ टेकून बसतो आणि इंजिन केबिनमध्येच, चालक व शेजारचा प्रवासी यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली असते. पौषात ही रचना फार सुखाची वाटते. वैशाखात घाट चढताना डावी मांडी शेकून निघते आणि शेजारी बसलेल्या माणसाची उजवी. इंजिन विलीस जीपच्या घराण्यातले हरिकेन, चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे, इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये अशा काहीशा विचित्र मांडणीचे, पण स्वभावाने अतिशय सोशिक. पुढे जे सांगणार आहे त्यात या इंजिनाचा तिळमात्र दोष नाही, हे मी आधीच नमूद करून ठेवतो.

सगळे रामायण घडले ते डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्यात. क्लिपा सोडून त्याची काळी कॅप काढली आणि आतला फिरता रोटर उपसला की खाली सी.बी., म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, पॉइंट दिसतात. टंगस्टनच्या दोन टिकल्या, एक स्थिर आणि दुसरी स्प्रिंगच्या हाताला जोडलेली, एवढाच हा संसार. मधल्या फिरत्या दांड्याला चार उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवटा त्या हाताच्या फायबरच्या टाचेला ढकलून दोन टिकल्यांची क्षणभर ताटातूट करतो. टिकल्या भेटलेल्या असेपर्यंत बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलमधून वाहत असतो. त्या सुटल्या की कॉइलमधले चुंबकत्व एकदम कोसळते, त्या कोसळण्यातून हजारो व्होल्ट उभे राहतात आणि प्लगपाशी ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर या टिकल्या मिनिटाला ४००० वेळा उघडतात आणि तितक्याच वेळा मिटतात. त्या जळल्या की लोक हळहळतात. मला त्या मुळात टिकतात याचेच नवल वाटते.

ही योजना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या गृहस्थांची असून १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मोटारी, ट्रक आणि आपल्याकडच्या फियाट, अ‍ॅम्बॅसॅडरपर्यंत सर्वांनी ती निमूटपणे स्वीकारली. याच केटरिंग साहेबांनी त्यापूर्वी दुकानातला गल्ला विजेच्या मोटारीवर उघडण्याची युक्ती काढली होती. पॉइंटांच्या पायी स्पेअर पार्टवाल्यांचे गल्ले पुढे किती वेळा उघडले गेले हे पाहता, त्यांनी आपल्या शोधांचा क्रम मोठ्या दूरदृष्टीने लावला असावा.

आमच्या ट्रकचे मूळ पॉइंट वयोमानाप्रमाणे झिजले. एका टिकलीवर खड्डा आणि समोरच्या टिकलीवर तेवढाच डोंगर तयार झाला, म्हणजे इकडचा धातू सावकाश तिकडे गेला. अशा टिकल्यांमध्ये फिलर गेजची, म्हणजे फट मोजण्याची, पट्टी घातली तर ती डोंगराच्या माथ्याला घासून जाते आणि बाजूच्या खड्ड्याची तिला दादही नसते. त्यामुळे गेज अगदी बरोबर असूनही गॅप चुकलेला राहतो. म्हणून पुण्याला नाना पेठेत जाऊन नवे पॉइंट आणले आणि जोडीला नवा कंडेन्सरही घेतला. दुकानातल्या तरुणाने कंडेन्सर म्हटल्यावर प्रथम 'एसीचा का?' असे विचारले, मग आतल्या वृद्ध गृहस्थांना हाक मारली आणि त्या गृहस्थांनी खोक्याच्या तळातून ती अंगठ्याच्या पेराएवढी डबी काढून, 'हा आता कोण नेतो?' असे म्हणत माझ्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहिले.

गॅप लावणे हा विधी ज्याने पाहिला नसेल त्याने मनुष्याच्या सहनशक्तीविषयी बोलू नये. हँडलने इंजिन हळूहळू फिरवून फायबरची टाच नेमकी उंचवट्याच्या माथ्यावर आणावयाची, लॉकचा स्क्रू सैल करावयाचा, टिकल्यांत वीस थाऊची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची पट्टी सरकवावयाची आणि ती किंचित अडत अडत सरकेल इतपत पॉइंट बसवून स्क्रू आवळावयाचा. येथपर्यंत सर्व शास्त्रशुद्ध आहे. मात्र स्क्रू आवळताना तो आपल्याबरोबर पॉइंटालाही थोडा फिरवतो आणि वीसाचे सोळा तरी होतात किंवा चोवीस तरी. अनुभवी मिस्त्री मुळात चुकीचा गॅप लावतात आणि स्क्रूलाच तो दुरुस्त करू देतात. करंट पक्षातील काही उत्साही मंडळी फिलर गेजऐवजी हॅकसॉचे पाते वापरतात. ते पंचवीस थाऊ जाड असते, पण पाच थाऊंसाठी कोणी पक्ष सोडत नाही. शिवाय तो स्क्रू इतका लहान असतो की, पडला तर तो जमिनीवर कधीच पडत नाही. तो डिस्ट्रिब्युटरच्या प्लेटमधल्या भोकातून थेट त्याच्या पोटात जातो आणि मग लाउडस्पीकरचे चुंबक कोणाच्या घरी आहे याची आळीभर चौकशी सुरू होते.

नवे पॉइंट बसले आणि ट्रक सेल्फच्या पहिल्या फटक्याला लागला. वाईत तो उत्तम चालला. पाचगणीच्या वाटेवरचा पसरणी घाट लागला, तीनचार वळणे झाली, केबिनमधले झाकण हाताला सोसेना इतके तापले, आणि इंजिन मिस मारू लागले. आधी एखादा ठोका चुके, मग सायलेन्सरमधून फट् असा आवाज येई आणि शेवटी इंजिन एकदम मान टाकी. ट्रक कठड्याला लावून चाकामागे दगड टाकावा, तोवर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते हजर. निर्जन घाटात हे लोक कोठून येतात हे मला अजून कळलेले नाही.

पेट्रोल पक्षाची बाजू वाटते तितकी कच्ची नव्हती. उन्हाळ्यात, चढावर, बंदिस्त जागेतल्या गरम इंजिनावर पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, वाफेने पंप अडतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो, हे खरेच आहे. त्यावर पंपावर ओला फडका टाकणे हा सर्वमान्य उपचार. त्यासाठी कोणी तरी कॅन घेऊन पाण्याला जाई, फडका शोधण्यात थोडा वेळ जाई, फडका टाकल्यावर तो 'मुरेपर्यंत' तंबाखू मळली जाई. मग सेल्फ मारला की ट्रक सुरू. 'बघा अण्णा, म्हनलं न्हवतं?' असे म्हणून पेट्रोल पक्ष विजयी मुद्रेने मागच्या हौद्यात चढे.

पुढच्या खेपेला करंट पक्षाचे बहुमत असे. मग कॅप उघडली जाई, पॉइंटावर पॉलिश पेपर फिरे, आणि पेपरची रवाळ धूळ राहू नये म्हणून कोणाच्या तरी पिशवीतल्या लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून टिकल्यांमधून ओढला जाई. पत्रिकेचा जाड, गुळगुळीत कागद या कामाला खरोखर नामी असतो. आमच्या पॉइंटांवरून वाई तालुक्यातील कितीतरी वधूवरांची नावे गेलेली आहेत. मग गॅपचा विधी साग्रसंगीत होई आणि ट्रक सुरू. या वेळी विजयी मुद्रा दुसऱ्या बाजूला.

एकदा कठड्यापाशी एवढी गर्दी झालेली पाहून मुंबईच्या एका कुटुंबाने मोटार थांबवली, सर्वजण उतरले आणि त्यांपैकी वडिलांनी मला अत्यंत सौजन्याने विचारले, 'हा कुठला पॉइंट?' करंट पक्षाच्या एकाने आमच्याच बोनेटविहीन ट्रकच्या आत बोट दाखवून म्हटले, 'ह्यो सी.बी. पॉइंट, जळालेला हाय.' ते कुटुंब धोम धरणाचे पाणी पाहून, फोटो काढून आणि समाधान पावून वर पाचगणीला गेले.

या लोकशाहीत एक गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटत होती. उपाय कोणताही असो, त्याला पाऊण तास लागत असे आणि त्या पाऊण तासात इंजिन निवत असे. कोणी फडका टाकला नसता, पत्रिका फाडली नसती, नुसते सिडनी पॉइंटकडे पाहत शेंगा खाल्ल्या असत्या, तरीही ट्रक तितक्याच आज्ञाधारकपणे सुरू झाला असता.

ही मेख ओळखली ती वाईतल्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियन मिस्त्रींनी. डायनामो, सेल्फ आणि डिस्ट्रिब्युटर यांपलीकडच्या जगाशी त्यांचा संबंध नव्हता, आणि ऐकायला थोडे कमी येत असल्यामुळे कोणत्याही पक्षाचा प्रचार त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. ट्रक गॅरेजमध्ये पाहण्यास त्यांनी साफ नकार दिला. 'हितं तो ठणठणीत हाय. बंद पडतो तितं मला न्या,' एवढेच ते म्हणाले, आणि संध्याकाळी खिशात थोडी वायर व काही किरकोळ सामान टाकून माझ्या शेजारी येऊन बसले. हौद्यात आमचे चुलतबंधू होते. ते जन्मजात पेट्रोल पक्षाचे.

नेहमीच्या वळणावर इंजिनाने मान टाकताच मिस्त्रींनी कोणाला तोंड उघडू न देता झाकण उचलले आणि कॅप व रोटर काढून बाजूला ठेवले. दिवस मावळला होता. त्यांनी चावी चालू ठेवायला सांगितली आणि मिटलेल्या टिकल्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उघडल्या. टिकल्यांमध्येच चर्र करून लख्ख जाळ उडाला. आणि कॉइलची जाड वायर ब्लॉकपासून बोटभरापेक्षा कमी अंतरावर धरून पुन्हा टिकल्या उघडल्या, तेव्हा तिथे मात्र केसासारखी पिवळी, अशक्त ठिणगी कशीबशी दिसली. जी ठिणगी प्लगला जायची ती पॉइंटावरच खर्ची पडत होती. टिकल्या सुटताना कॉइलच्या पहिल्या वेढ्यांतही दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो आणि तो टिकल्यांमधल्या फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर हा त्या वेळी घरातल्या थोरल्या जावेप्रमाणे सगळे पोटात घालतो आणि भांडण बाहेर दिसू देत नाही. आमचा कंडेन्सर गार असताना हे कर्तव्य चोख बजावी आणि तापला की सारे बाहेर पडू देई. नाना पेठेतून नवा आणलेला म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. नवेपणाइतका बिनतोड पुरावा आपल्याकडे दुसऱ्या कशाला मानत नाहीत.

मिस्त्रींनी खराब कंडेन्सरची वायर सोडली, खिशातून एका जुन्या फियाटचा कंडेन्सर काढून त्याची वायर कॉइलपासून पॉइंटाला येणाऱ्या जोडावर अडकवली, त्याची डबी इंजिनाच्या एका बोल्टखाली दाबली आणि कॅप लावली. डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर लोंबणारा तो कंडेन्सर पाहून माझा जीव खालीवर होत होता, पण सेल्फ मारताच तापलेले इंजिन तत्काळ सुरू झाले आणि आम्ही थेट पाचगणीला पोहोचलो. वर टपरीवर चहा घेताना चुलतबंधूंनी बराच वेळ विचार करून आपले मत नोंदवले, 'समदं खरं. पर तेवढ्या येळात पंपबी गार झालाच असंल की.' मिस्त्रींना ते ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फियाटचा कंडेन्सर व्यवस्थित आत बसवून दिला आणि काढलेला खराब कंडेन्सर फडक्याने पुसून आपल्या डब्यात ठेवला. हा आता कशाला ठेवता, असे मी मोठ्याने विचारले.

'टाकायचा कशाला अण्णा? गार हाय तंवर ब्येस चालतोय,' ते म्हणाले. 'आपल्या डॉक्टरांची फियाट हाय न्हवं? ती घरापास्नं दवाखान्यापातूर जाती. तेवढ्यात काय तापत न्हाई.'