सोललेली कमक्वॉट्स आणि मी

मैत्रिणीच्या बाल्कनीत कुंडीत कमक्वॉटचं झाड आहे. झाड कमरेएवढं पण फळं इतकी धरतं की ती दिसेल त्याच्या हातात पिशवी कोंबते. यंदा मी सापडले. किलोभर फळं, अंगठ्याच्या पेराहून जराशी मोठी, संत्र्याला पिल्लं झाल्यासारखी गोंडस.

मी आपली सवयीने नखाने सोलायला बसले. अर्ध्या तासात नखं पिवळी, बोटं चिकट, आणि वाटीत काय तर वाटाण्याएवढे गर, त्यातही निम्म्या बिया. एक तोंडात टाकला तर डोळे आपोआप मिटले, कानसुद्धा हलले असावेत. फोन केला तर मैत्रीण किंचाळलीच, "अगं सोललीस कशाला? सालच गोड असते, आंबट सगळं आत!" म्हणजे मी इतका वेळ गोड माल कचऱ्यात टाकून आंबट माल वाटीत जपून ठेवत होते.

मग रीतसर सूचना मिळाल्या. फळ स्वच्छ धुवायचं, बोटांमध्ये हलकं चोळायचं म्हणजे सालीतलं तेल सुटतं, आणि अख्खं तोंडात टाकून सावकाश चावायचं, आधी साल मग गर असं करायचं नाही, दोन्ही एकत्र झालं तरच जमतं. जमलं की खरंच मस्त लागतं हं, आधी सुगंध, मग गोड, मग आंबट, मग कच्चकन बी! नवऱ्याने अर्धं तोडून उरलेलं गुपचूप बशीत ठेवलं. म्हटलं असं चालत नाही, घेतलंस तर पूर्ण निस्तर.

हे नाव कॅन्टोनीज भाषेतलं, अर्थ सोनेरी संत्रं, आणि १८४६ साली रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने ही झाडं चीनमधून लंडनला नेली, ही माहिती मला मुलाने बिया वेचता वेचता मोबाईलवरून वाचून दाखवली. स्वतः एक बी वेचली नाही. त्या फॉर्च्यूनवरून पुढे झाडाच्या प्रजातीला फॉर्च्युनेला नाव दिलं म्हणे. नेताना सोबत "सोलू नका" अशी चिठ्ठी नेली असती तर माझ्याकडूनही त्याला एखादं नाव मिळालं असतं.

बिया कशाला वेचत होतो, तर उरलेल्या फळांचं मार्मलेड, म्हणजे सालीसकटचा जॅम, करायचं ठरलं. प्रत्येक फळ आडवं चिरा, सुरीच्या टोकाने दोन-तीन बिया उकरा, चौथी उडून ओट्यामागे जाते ती सोडून द्या. शंभर फळांनंतर बिया उघड्या डोळ्यांनाही दिसतात आणि मिटल्या डोळ्यांनाही. सगळ्या नीट गोळा करून केरात टाकल्या, हात धुतले, आणि मैत्रिणीचा मेसेज आला, बिया टाकू नकोस गं, फडक्यात बांधून पातेल्यातच सोड, त्यांच्यातल्या पेक्टिननेच मार्मलेड घट्ट होतं.

घट्ट झालं नाही. बरणीत केशरी पाक आहे आणि त्यात साली पोहतायत, नवरा त्याला सरबत म्हणतो आणि पाणी घालून पितो. काल पेला तोंडाला लावला आणि कच्चकन आवाज आला.