चित्राकडे पाठ करून

आमच्या वन्सं पुण्याहून यायच्या म्हणजे यादी ठरलेली. शेंगाचटणी दोन किलो, कडक भाकरी पंचवीस, टॉवेल अर्धा डझन, सिद्धेश्वराचं दर्शन, आणि दारातच माझ्याकडे बघत "आमचा बाळू किती वाळलाय गं!" बाळू म्हणजे आमचे हे. वजन ब्याऐंशी किलो. गेली अठ्ठावीस वर्षं या यादीत एक टॉवेल इकडचा तिकडे झालेला नाही.

या मे महिन्यात झाला. हुतात्मा एक्स्प्रेसनं दोघी मायलेकी रात्री आल्या आणि सईनं चप्पल काढायच्या आधी विचारलं, "मामी, ती पेंट केलेली गल्ली इथून किती लांब आहे?"

मी सोलापुरात जन्मले, सोलापुरातच दिली गेले. गावात कुठं काय आहे ते मला विचारावं आणि मी "माहीत नाही" म्हणावं, हे आमच्या खानदानात बसत नाही. म्हटलं, "लांब कसली, हे काय इथंच." मग हळूच विचारलं, "कुठली म्हणतेस?"

तिनं मोबाइल पुढं केला. अकरा सेकंदांचं रील. निळी भिंत, मोर, दोन मोठे पंख, हातमागावर बसलेला एक हसरा विणकर, आणि या सगळ्यासमोर गिरकी घेणारी कोणीतरी मुलगी. तिसऱ्यांदा बघितल्यावर मला ओळख पटली, ती भिंतीची नाही, तिच्या बुडाशी असलेल्या गटारीची. पूर्व भागातला तो बोळ! माझी ब्लाउज शिवणारी बाई तिथं राहायची. पंधरा वर्षं मी त्या बोळात जात होते. तेव्हा त्या भिंतीवर एकच वाक्य लिहिलेलं असायचं, आणि ते वाचूनच बऱ्याच पुरुषांना आठवण व्हायची. बोळाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायकांनी निघताना हात जोडून बजावलंय.

त्या रात्री जेवताना आमचा रंगीत भिंतींचा वर्ग झाला. सईनं दिल्लीच्या लोदी कॉलनीतले सरकारी क्वार्टर्स दाखवले, त्यांच्या भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. मग मेलबर्नची होझिअर लेन. तिथं म्हणे एकाच्या चित्रावर दुसरा येऊन चित्र काढून जातो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. वन्सं मलेशियाला जाऊन आलेल्या. त्यांनी पेनांगची सायकल काढली. जॉर्ज टाउनच्या एका रस्त्यात भिंतीवर दोन लहान मुलं रंगवलीत, लिथुआनियाच्या कुणा झाखारेव्हिच नावाच्या पोरानं, २०१२ साली. मुलं रंगाची, पण त्यांच्या खालची सायकल खरी, भिंतीला ठोकलेली. "आम्ही पाऊण तास लायनीत उभं राहून तिच्यापाशी फोटो काढला," वन्सं म्हणाल्या. ही सायकल पुढं आम्हाला नडणार होती.

हे म्हणाले, "भिंतच बघायची तर किल्ल्याची बघा. बहामनी काळापासून उभी आहे, रंग न लावता." आणि ताक पिऊन झोपायला गेले.

आमचा नळ चार दिवसांआड. पाळी दुसऱ्या दिवसाची होती, पण वेळ रात्री अकराची. म्हणून म्हटलं, चला, सकाळी उरकून येऊ.

सईचं म्हणणं होतं की फोटोला सकाळी सातचं ऊन चांगलं, सोनेरी पडतं. पण केस सरळ करायचं मशीन तापायला आणि केस सरळ व्हायला दहा वाजले. सोलापुरात मे महिन्यात दहाच्या उन्हाला सोनेरी म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते रिक्षावाल्यानं सांगितलं, पण इथं लिहिता येत नाही. जुळे सोलापूरपासून कन्ना चौकापर्यंत तो एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता. "भिंत बघायला चाललाव? एवढ्या उन्हाचं? घरी भिंती नाहीत का, मावशी?"

वन्संना एवढ्यात एम. एफ. हुसेन आठवले. ते आपल्या पंढरपूरचे, १९१५चा जन्म, पोटासाठी सिनेमाची पोस्टरं रंगवायचे, आणि अनवाणी फिरायचे. म्हटलं, अनवाणी फिरायची सवय त्यांना मुंबईत लागली असणार. आमच्या डांबरावर मे महिन्यात लागली नसती.

बोळाच्या तोंडालाच पहिलं चित्र, नंदीध्वजांचं. संक्रांतीच्या यात्रेत सात काठ्या निघतात ना, त्यांची मिरवणूक. असं सईच्या मोबाइलमध्ये दिसत होतं. प्रत्यक्षात तिथं कुणा अण्णांच्या वाढदिवसाचा डिजिटल बांधलेला होता. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, फ्लेक्सला आम्ही डिजिटल म्हणतो, आणि आमच्याकडचा खरा भिंतीवरचा कलाप्रकार तोच. अण्णा मधोमध गॉगल लावून मोबाइलवर बोलत होते, भोवती शुभेच्छुकांची बावीस डोकी, आणि वरच्या कडेवरून नंदीध्वजाच्या काठ्यांची सात टोकं, अण्णांच्या टाळूतून उगवल्यासारखी. एकाच्या चित्रावर दुसरा चढतो, कुणाला काही वाटत नाही. मेलबर्नला जायची गरज काय, सांगा.

आत शिरलो. बोळ एवढा अरुंद की दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला दुसरीच्या घरात जावं लागतं. चित्रं मात्र खरंच छान होती, खोटं कशाला बोलू. मोराची मान अशी काही निळी की थांबावंसं वाटलं. मी थांबलेही. पण तेवढ्यात सईनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि मोराकडे पाठ करून उभी राहिली. "मामी, घे."

तेव्हा मला या प्रकाराची गोम कळली. चित्र बघायला चाळीस रुपये रिक्षाला देऊन यायचं, आणि आलं की चित्राकडे पाठ करायची. आमच्या आधी तिथं दोन कॉलेजची पोरं होती, एक नवविवाहित जोडपं होतं, सगळ्यांच्या पाठी चित्राकडे. देवळात असं केलं तर पुजारी हाकलून देईल.

"मामी, बोट आलंय लेन्सवर."

"मामी, आडवा धर."

"मामी, हा व्हिडिओ झाला."

त्या व्हिडिओत म्हणे माझाच आवाज आहे, "अगं कुठलं बटण म्हणालीस," आणि चित्रात माझा डावा अंगठा. नंतर वन्संनी पोज घेतली. त्या फोटोला कायम एकाच पद्धतीनं उभ्या राहतात, बारशात, लग्नात, सुतकात. पर्स पोटाशी धरून, फोटोत चोर येणार असल्यासारख्या.

समोरच्या उंबऱ्यावर दोघी विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. हात असे चालत होते की नजर आमच्याकडे असूनही बोटं चुकत नव्हती. पान घ्यायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा, झाली विडी. सई मोबाइलमधून मान बाहेर काढून लाडात म्हणाली, "काकू, ती दोरीवरची साडी जरा काढता का? फ्रेममध्ये येतेय."

"काढते की," ती न हसता म्हणाली. "तोवर तू माझ्या हजार विड्या वळ."

साडी फ्रेममध्ये राहिली.

पुढं गेल्यावर सई किंचाळली, "आई, सायकल!" खरंच, रंगवलेल्या पिंपळाखाली एक खरी सायकल भिंतीला टेकवलेली. जुनी, काळी, मागं कॅरिअर, हँडलला डब्याची पिशवी. वन्सं म्हणाल्या, "अगदी पेनांगसारखी गं! पिशवीसुद्धा किती खरी वाटते." सई चढून बसली. एक पाय पेडलवर, एक हात हवेत, नजर पिंपळाच्या पानांकडे. मी चौदा फोटो काढले, त्यातले नऊ आडवे. एवढ्यात बाजूच्या दारातून बनियनवरचा शर्ट सारखा करत एक गृहस्थ बाहेर आले. काही बोलले नाहीत. आमच्या मागं उभे राहून फोटो बघत राहिले. पंधराव्या फोटोनंतर हळूच म्हणाले, "झालं असलं तर द्या वैनी. कारखान्यावर पाळी आहे."

वन्संनी चटकन पिशवीवरचा हात काढला. ती खरंच खरी होती. आत डबा होता आणि तो गरम होता.

मग पंख. भिंतीवरच्या पंखांची ही साथ २०१२च्या सुमारास लॉस एंजेलिसहून सुटली. कोलेट मिलर नावाच्या बाईंनी तिथं भिंतीवर पंख रंगवले, आणि माणूस मध्ये उभा राहिला की देवदूत. आता कुठल्याही गावात जा, एक भिंत माणसांना पंख लावायला बसलेलीच असते. आमच्या बोळातल्या पंखांची अडचण अशी की मधल्या जागेत एक खिडकी आहे. चित्रकारानं ती बंद असताना पंख काढले असावेत. सई तिच्यासमोर हात पसरून, डोळे मिटून, हनुवटी वर करून उभी राहिली. मी बटणावर अंगठा ठेवला. आणि तिच्या डोक्यामागची झडप करकरत आत उघडली.

आत एक आजी. पांढरेशुभ्र केस, कपाळाला हाताच्या पंज्याएवढं कुंकू, तोंडात तंबाखूची मिश्री. दोन्ही बाजूला सहा-सहा फुटांचे पंख बरोबर तिच्या खांद्यांतून निघालेले. सई खाली वाकलेली होती दचकून, त्यामुळं फोटोत फक्त आजी आलीय. मी दिवसभरात काढलेला तो एकच फोटो सरळ, स्पष्ट आणि बिनबोटाचा आहे.

"एम कावाले?" आजीनं विचारलं. काय पाहिजे.

काय पाहिजे ते आमच्यापैकी कुणालाच नीट सांगता येईना.

ऊन आता डोक्यात शिरलं होतं. मी विणकराच्या चित्रासमोरच्या पायरीवर सावली बघून टेकले. तिथं आधीच एक म्हातारे बसलेले, धोतर, बंडी, जाड भिंगाचा चष्मा. त्या अख्ख्या बोळात चित्राकडे तोंड करून बसलेला हा एकटा माणूस. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "छान काढलंय ना, मामा?"

मामांनी चष्मा पुसला. "नीट बघा बाई. धोटा कुठाय?"

"हातात आहे की." धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकूड, एवढं मला माहीत होतं.

"धोटा काय गुलाबाचं फूल आहे हातात धरायला? उजव्या हातानं दोरी ओढायची, डाव्या हातानं फणी मारायची. धोटा आपला आपण पळतोय." त्यांनी बसल्याजागी दोन्ही हात चालवून दाखवले. खांदा एवढ्या वर्षांनीही त्या लयीत हलला. "आणि पाय बघा. मांडी घातलीय! माग चालवायला बसलाय का सत्यनारायणाला? खड्डा कुठाय पाय सोडायला?"

मला आता ती मांडी सोडून दुसरं काही दिसेना.

"आता तार मोजा. हिकडनं एकशे वीस निघालेत. तिकडं पोचलेत साठ. बाकीचे साठ कुठं गेले?"

"तुम्ही मोजलेत?"

"दुपारचं दुसरं काम काय असतंय मला?" मामांनी आयुष्यभर आधी हातमाग आणि मग जकार्डवर चादरी काढल्या होत्या. चादरीवरचा मोर कसा येतो ते त्यांनी मला सांगितलं. कागदावर चौकटी भरायच्या, त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ करून मागावर चढवायची. कुठला तार उचलायचा ते भोक सांगतं. "एक भोक चुकलं की सगळ्या चादरींत मोराची चोच गायब. मालक पैसे कापायचा." आणि भिंतीकडे बोट करून शेवटचं म्हणाले, "साठ तार तुटलेत बघा याचे. आणि हा हसायलाय!"

मी इतकी हसले की वन्संना वाटलं मला ऊन लागलं.

एवढ्यात बोळाच्या त्या टोकाकडून आरोळी आली, "नळ आलेत ओऽऽ!" आणि तो बोळ एका क्षणात बदलला. सुपं बाजूला झाली. मोटारी घरघरायला लागल्या. घराघरांतून निळे ड्रम गडगडत बाहेर आले आणि ओळीनं भिंतीला लागले. मोराचे पाय गेले, मग पोट गेलं, मग ती निळी मानही गेली. पंखांच्या मधून आजीनं हिरव्या पाइपचं टोक बाहेर फेकलं आणि समोर जी दिसली तिला हुकूम सोडला, "ए पोरी, धर!"

जी दिसली ती सई. सरळ केलेल्या केसांनिशी तिनं पाइप ड्रममध्ये धरला. सुटला की भिजायची, पुन्हा धरायची. वन्सं मघाच्या विडीवाल्या काकूंबरोबर घागरी उचलत होत्या, आणि पर्स कुठं ठेवलीय हे त्यांना आठवतही नव्हतं. मी कळश्या पोचवल्या, एक मामांच्या घरात, दोन आजीच्या. पाऊण तास तिथं कोणी फोटो काढला नाही. भिंतीकडे कुणी बघितलंही नाही, मामा सोडून.

आणि मग, पाचवी कळशी उचलताना, माझ्या पोटात गोळा आला. इथला नळ तर संध्याकाळचा असतो, असं ती काकू मघाशी म्हणाली होती. म्हणजे आज वेळा बदलल्यात. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाइपातून येणारं पाणी, एकदा हुकलं की चार दिवस. मी ह्यांना फोन लावला. तीनदा. घंटी वाजून वाजून बंद पडली.

रिक्षात कुणी बोललं नाही. सईच्या केसांतून पाणी टपकत होतं आणि ते सीटवर वाया जातंय याचंच मला वाईट वाटत होतं.

दार ह्यांनीच उघडलं. गालावर उशीचे वळ. अंगणातला नळ दोन थेंब टाकून गप्प झाला होता, हौदाचा तळ कोरडा.

"पाणी आलं होतं का हो?"

"आलं असेल," हे म्हणाले. "मोटारीचा आवाज येत होता. मला वाटलं शेजाऱ्यांचा कूलर."

वन्संनी पर्स टेबलावर आपटली. ओल्या पदरानं मान पुसली, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा भावाला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं.

"बाळू," त्या म्हणाल्या, "किती सुटलायस रे!"