गवंड्याची नळी आणि होडीचं इंजिन

पावसाळी मासेमारीबंदी संपत आली, होड्या पुन्हा पाण्यात ढकलायची तयारी सुरू झाली, की होडीवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज उगवतो. मजकूर साधारण असा: ‘कंपनी लुटते, तिची पेट्रोल पाइप घेऊन पैसे घालवू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी लावा. आत पेट्रोल दिसतं, हवा आली की लगेच कळतं. पेट्रोलच्या लाइनला दाब नसतो, म्हणून कुठलीही नळी चालते. नाहीतर बाइकची पाइप लावा. आणि गळत नाही तोवर बदलू नका.’ खाली जोडलेले हात आणि ‘सगळ्यांना पाठवा’.

माझं पोट आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिनं, दुरुस्त करण्यावर चालतं. या मेसेजमुळे गिऱ्हाईक वाढतं, म्हणजे खरं तर मी गप्प बसायला हवं.

‘दाब नसतो’ हे आधी घेतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. दाब नसतो हे खरंच. पण ओढ असते. टाकी खाली, इंजिन वर, आणि इंजिनाचा पंप पेट्रोल खेचून घेतो. शहाळ्यात घातलेली मऊ स्ट्रॉ जोरात ओढली की चपटी होते ना, उन्हात तापून मऊ पडलेल्या साध्या पीव्हीसी नळीचं तेच होतं, आणि तेही नेमकं वळणावर. सावकाश चालवताना काही जाणवत नाही. वेग वाढवला की इंजिन गुदमरतं, थ्रॉटल कमी केला की पुन्हा सुरळीत. मग प्लग बदलतात, कार्बोरेटर दोनदा साफ होतो, नळीकडे कुणी बघत नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून चालवायच्या टू-स्ट्रोकला हे फार महागात पडतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमीच पोचणार, आणि पिस्टन सीझ होणार.

‘गळत नाही तोवर’ याचं उत्तरही याच ओढीत आहे. इंजिन चालू असताना सैल जोडातून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड बाहेरून कोरडा ठणठणीत. लाइनच्या मध्ये हाताने पेट्रोल चढवायचा रबरी फुगा असतो, त्याला बल्ब म्हणतात. तो दाबून कडक केला की बल्बपासून इंजिनापर्यंत दाब येतो, तेवढ्या भागातली गळती डोळ्यांना दिसते. टाकी ते बल्ब हा तुकडा मात्र तेव्हाही काही सांगत नाही. तिथे चांगली क्लिप आणि बोटांनी चाचपून बघणं, एवढंच हातात आहे. बाइंडिंग वायर नको, ती रबर कापते.

नळीतून पेट्रोल दिसतं, हे मान्य. हवा कुठून येते ते शोधायला मी स्वतः वीतभर पारदर्शक तुकडा दहा मिनिटांपुरता मध्ये घालतो. पण ती गवंड्याची लेव्हल बघायची नळी, पाण्यासाठी केलेली. तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य पेट्रोल हळूहळू धुऊन नेतं, म्हणजे ते तुमच्या कार्बोरेटरमध्ये जातं. नळी पिवळी पडते, कडक होते, जोडावर ढिली होते आणि एक दिवस तडकते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या धाटणीच्या रबरी नळ्याही फुगतात, लवकर थकतात.

बाइकची पाइप पीव्हीसीपेक्षा नक्कीच बरी. पण बाइकखाली मोकळा रस्ता असतो, सांडलेलं पेट्रोल उडून जातं. होडीला तळ आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साठते, आणि बॅटरीच्या एका ठिणगीला तेवढं पुरतं. म्हणून होडीच्या नळीवर छापलेलं मानक वाचायचं: एसएई जे१५२७ किंवा आयएसओ ७८४०, ८४६९. जे१५२७ मधला ‘ए’ प्रकार ज्वाळेत अडीच मिनिटं टिकण्याची चाचणी पास झालेला असतो, ‘बी’ची ती चाचणी होत नाही. उघड्या होडीत सुटी टाकी आणि मागे आउटबोर्ड असेल तर ‘बी’ पुरे, विनाकारण ‘ए’ घेऊ नका. पेट्रोल इंजिन पेटीत बंद असेल तर मात्र ‘ए’ प्रकारच घ्या.

त्यापुढचा आकडा म्हणजे नळीच्या भिंतीतून किती पेट्रोल झिरपतं. होय, न फुटलेल्या नळीतूनही झिरपतं. बी२ ला दिवसाला चौरस मीटरमागे ३०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, बी१-१५ ला १५. आतून ८ मिलिमीटर रुंद, ३ मीटर लांब नळीचा हिशोब केला तर एकीकडे दिवसाला साधारण २२ ग्रॅम, दुसरीकडे जेमतेम १. कोरडं फडकं नळीवरून फिरवून हुंगा. पेट्रोलचा वास आला तर नळी संपली, थेंब दिसो वा न दिसो.

‘कंपनी लुटते’ या रागात मात्र तथ्य आहे. काही महागड्या राखाडी नळ्यांचं आतलं अस्तरही इथेनॉलने सुटून आलेलं आहे, त्याचे पापुद्रे थेट फिल्टरमध्ये. टोकाचा दोन बोटं तुकडा कापून उभा चिरून बघा, अस्तर नखाने सुटत असेल तर छापील अक्षरं काहीही म्हणोत. दोन महिने पेट्रोल भरून पडलेली नळी तर आधी बघा. मापही कंपनीने सांगितलेलंच ठेवा, मोठ्या इंजिनाला बारीक नळी लावली की पुन्हा तीच ओढ.

आणि बल्बवरचा बाण इंजिनाकडे. गेल्या हंगामात ‘पंप गेला’ म्हणून एक इंजिन माझ्याकडे टेम्पोतून आलं, लाइन आणि टाकीसकट. पंप ठणठणीत होता, बाण टाकीकडे होता.