तांब्याभर पाण्यासाठी

माझ्या माशांची टाकी ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद असून तिच्यातील पाण्याची पातळी बाष्पीभवनामुळे रोज सुमारे अर्ध्या सेंटीमीटरने घटते. हिशेब केला तर ही तूट ९०० मिलिलिटर, म्हणजे तांब्याभर पाण्याची होते. एवढे पाणी ओतायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट वाचावे म्हणून मी तीन रविवार, दोन डायोड आणि घरातील बरीचशी पत खर्च केली.

योजना कागदावर निर्दोष होती. टाकीच्या काठाला एक फ्लोट स्विच लावायचा. त्याच्या दांड्यात चुंबकाने जुळणारी दोन नाजूक पाती असतात आणि दांड्यावर चुंबक बसवलेला एक मणी तरंगत असतो. पाणी उतरले की मणी उतरतो, पाती जुळतात, रिले (म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) ओढला जातो आणि पाण्याच्या कॅनमध्ये बुडवलेला १२ व्होल्टचा पंप सुरू होतो. पाणी चढले की सारे उलट क्रमाने थांबते. पंपाचा प्रवाह पात्यांतून थेट नेला तर ती चिकटून बसण्याची भीती असते, म्हणून मध्ये रिले. आणि रिलेच्या वेटोळ्यातून प्रवाह तुटताना उसळणारा विजेचा दाब जिरवायला त्याला समांतर एक डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. हा डायोड उलटा जोडायचा असतो. मी सरळ मनाचा माणूस असल्यामुळे तो सरळ जोडला. स्विच जुळताच त्याने जो वास सोडला, तो संध्याकाळपर्यंत पडद्यांना होता.

दुसरा डायोड नीट बसला. परंतु पंप टाकी भरलेली असताना चालू आणि रिकामी होत असताना बंद, असा वागू लागला. तासभर मी तारांना दोष दिला. दोष मण्याचा होता. तो दांड्यावर उलटा ओवला की स्विचचा स्वभावही उलटा होतो, आणि सफाई करताना मी तो काढून परत घालताना नेमके तेच केले होते. त्यानंतर रिले टकटकू लागला, कारण फिल्टरच्या लाटांवर मणी सारखा खालीवर डुलत होता. शेवटी भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यात स्विच बसवल्यावर पाणी शांत झाले आणि रिलेही.

विजेचे प्रकरण येथे संपले. मी मात्र समजत होतो की सगळेच संपले.

वीस लिटरचा कॅन मी टाकीच्या वरच्या फळीवर ठेवला होता. ‘पाणी वरून खालीच यायचे असेल, तर पंप कशाला?’ असे आईने विचारले होते आणि तिला वीज कळत नाही असे समजून मी हसलो होतो. पंपाने नळी एकदा भरून दिली, मणी वर आला, रिलेने आज्ञेबरहुकूम पंप बंद केला, आणि पाणी येतच राहिले. वक्रनलिकेला, म्हणजे सायफनला, पंपाची परवानगी लागत नाही. मी दुपारच्या झोपेतून उठलो तेव्हा कॅनमधील १८ लिटरपैकी निम्मे टाकीत मावले होते आणि निम्मे जमिनीवर होते.

मग कॅन टाकीखालच्या कपाटात गेला. आता पाणी उलट्या दिशेने निघाले. नळीचे टोक टाकीत बुडालेले असल्याने पंप थांबला की पाणी त्याच नळीने कॅनमध्ये परतायचे, मणी उतरायचा, पंप तेच पाणी पुन्हा वर चढवायचा. रात्रभर हा चढ-उतार चालला आणि सकाळी पातळी पाहून मी यंत्राचे कौतुकही केले. पंप इतका तापलेला का, याचा उलगडा होण्यास दुसरी रात्र जागावी लागली. उपाय पैशाचाही नव्हता: नळीचे टोक पाण्याच्या वर, हवेत अडकवायचे. त्याच वेळी शहाणपण सुचून कॅन पाच लिटरचा केला. कारण तो सगळा ओतला गेला तरी पातळी पावणेतीन सेंटीमीटरच वाढते आणि काठापर्यंत पाच सेंटीमीटर मोकळे आहेत.

हे शहाणपण चारच दिवसांत कामी आले. पाणवनस्पतींबरोबर न बोलावता आलेली एक गोगलगाय नळकांड्यात शिरली आणि मण्यावर बसून राहिली. तिच्या वजनाने मणी खाली, म्हणून यंत्राच्या लेखी टाकी रिकामी. पाचही लिटर आत गेले आणि पंप कोरडाच घरघरत राहिला. गोगलगाईला मी हलक्या हाताने उचलले, नळकांड्याच्या तोंडांना व भोकांना जाळी बांधली आणि थोड्या उंचीवर दुसरा स्विच पहिल्याशी मालिकेत जोडला, म्हणजे एका स्विचने चूक केली तरी दुसरा स्विच पंप बंद करेल.

त्यानंतर आठ दिवस पातळी केसभरही हलली नाही. नवव्या दिवशी कॅन भरण्यासाठी कपाट उघडले, तर तो काठोकाठ भरलेला. वायर, रिले, पंप, सगळे तपासले. सगळे ठीक होते. मी जमिनीवर बसून विचार करत असताना आई तांब्या घेऊन आली आणि तिने सवयीने तो टाकीत रिकामा केला.

“हे तू रोज करतेस?”

“सकाळी उठल्या उठल्या. आज जरा उशीर झाला,” ती म्हणाली. “तुझं ते यंत्र अजून व्हायचंय ना, तोवर मासे कसे राहतील?”